डांबर गोळी

"मॅडम, तेवढा 'डांबर' शब्द काढा. डांबर काळं असतं, आमचा माल पांढराशुभ्र आहे."

दिवाळीच्या तोंडावर आलेला फोन. पाकिटांवरचा मजकूर मराठीत करून देणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. 'थंड व कोरड्या जागी ठेवा', 'लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका', 'डोळ्यांत गेल्यास भरपूर पाण्याने धुवा', असलं. या धंद्यात लोक दरावरून भांडतात, शब्दावरून कुणी भांडत नाही. त्यामुळे मी जरा चपापलेच. कपड्यांत ठेवायच्या त्या गोळ्यांना मी आपलं सरळ 'डांबर गोळ्या' लिहिलं होतं. दुसरं काय लिहिणार?

"हिंदीत 'फिनाइल की गोली' केलंय. तुम्हीही फिनाईल गोळ्या करा ना."

"पण त्यात फिनाईल नसतं हो."

"मग डांबर तरी कुठे असतं?"

यावर मला काही सुचलं नाही. मला उत्तरं नेहमी फोन ठेवल्यावर सुचतात. तशी ती सुचली, आणि पुढे दोन-तीन आठवडे सुचतच राहिली.

पहिलं उत्तर सोपं होतं. गोळीत डांबर नसतं, पण गोळी डांबरातून निघाली. दगडी कोळसा बंद भट्टीत, हवा लागू न देता तापवला की खाली कोक उरतो, वर गॅस निघून जातो आणि या दोघांच्या मध्ये एक काळा, चिकट, उग्र वासाचा रस गोळा होतो. ते कोळशाचं डांबर. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनचे रस्ते कोळशाच्या गॅसवर उजळायला लागले तेव्हा गॅसची चैन झाली, पण या काळ्या रसाचं करायचं काय, हा प्रश्न होता. तो उकळून, वाफा थंड करून बघण्याच्या खटाटोपात १८१९-२० च्या सुमारास पांढरे, चकचकीत पापुद्रे हाती लागले. १८२१ साली जॉन किड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने त्यांचं नीट वर्णन करून नाव ठेवलं, आणि १८२६ मध्ये मायकेल फॅरडेने त्यांचं रासायनिक सूत्र काढलं. दहा कार्बन, आठ हायड्रोजन. हेच नॅफ्थलीन. कोळशाच्या डांबरात वजनाने साधारण दहावा हिस्सा एकट्या त्याचा असतो. काळ्या रानात पांढरा कापूस पिकतो, त्याला कुणी हरकत घेत नाही. मग डांबरातून पांढरी गोळी निघाली तर त्या गृहस्थांना लाज का वाटावी?

(रस्त्यावर ओततात ते आजचं डांबर वेगळं. ते पेट्रोलियमचं, बिटुमेन. आपण दोघांना एकाच नावाने हाक मारतो. रस्त्याचं डांबर पहिल्या पावसात कसं नाहीसं होतं, हा पुणेकराच्या जिव्हाळ्याचा विषय आहे, पण त्याला संप्लवन, म्हणजे घन पदार्थाचं न वितळता थेट वाफ होणं, म्हणत नाहीत.)

गंमत म्हणजे किडसाहेबांनी ठेवलेलं शास्त्रीय नावही फार सरळ नाही. ते 'नाफ्था'वरून आलं. नाफ्था हा ग्रीकांनी उचललेला पूर्वेचा शब्द. फारसी-अरबीत 'नफ्त', त्याही मागे अक्कडी भाषेत 'नप्तु'. अर्थ, जमिनीतून पाझरणारं तेल. अरबीत आजही नफ्त म्हणजे खनिज तेल, आणि रशियन 'नेफ्त' त्याच घरातला. म्हणजे वस्तू सापडली कोळशाच्या डांबरात आणि नाव लागलं तेलविहिरीचं. त्यापेक्षा आमची आजी जास्त काटेकोर म्हणायची.

मी मराठी माध्यमातली. संप्लवनाच्या धड्यात बाईंनी चार नावं घोकून घेतली होती: कापूर, आयोडीन, नवसागर, नॅफ्थलीन. कापूर देवघरात होता, नवसागर कल्हईवाल्याकडे बघितला होता, आयोडीन शाळेच्या प्रथमोपचाराच्या पेटीत होतं. नॅफ्थलीन मात्र कुठेतरी परदेशात, काचेच्या बरणीत असणार, असं मी धरून चालले होते. ते आमच्या शनिवार पेठेतल्या वाड्यात, आजीच्या पलंगाखाली आहे हे मला फार उशिरा कळलं.

पलंगाखाली तिची हिरवी पत्र्याची ट्रंक असायची. वर्षातून दोनदा ती बाहेर ओढली जाई आणि फरशीवर ओरखडे उमटत. आत अंजिरी शालू, दोन नारायणपेठी आणि आजोबांचा लोकरीचा कोट. तो कोट आजोबांनी घातलेला मी कधीही पाहिला नाही. गोळी साडीला टेकली तर तिची जर काळी पडते, असा आजीचा सिद्धांत. म्हणून जुन्या धोतराच्या फडक्यात चार-चार गोळ्या घालून, वर दोऱ्याचे तीन वेढे देऊन ती पुरचुंड्या बांधायची आणि चार कोपऱ्यांत ठेवायची. ठेवताना गोळी चांगली खेळायच्या गोटीएवढी असे. पुढच्या वेळी ट्रंक उघडली की हरभऱ्याएवढी, त्याच्या पुढच्या वेळी ज्वारीच्या दाण्याएवढी. एका मे महिन्यात मी एक पुरचुंडी सोडली तर आत काहीच नव्हतं. गाठ आजीच्या हातची, जशीच्या तशी. फडकं कोरडं, भुकटीचा कण नाही, भोक नाही. नुसता वास. मी ते उलटंसुलटं करून बघितलं, झटकलं, पुन्हा हुंगलं.

"आजी, गोळ्या कुणी घेतल्या?"

"कुणी घेतल्या नाहीत गं. गेल्या कापरासारख्या."

तेव्हा मला या वाक्यात काही वावगं वाटलं नाही. आता वाटतं. डांबर गोळीचं जाणं सांगायलासुद्धा आजीला कापूरच लागला.

तो वास पुढे आयुष्यात दोनच ठिकाणी भेटत राहिला. एक, मंगल कार्यालयात सकाळच्या मुहूर्ताला, एखाद्या मावशींच्या पैठणीतून, मोगऱ्याच्या गजऱ्याला बाजूला सारत येणारा. आणि दुसरं, जेवण झाल्यावर हॉटेलच्या बेसिनमध्ये, जाळीवर पडलेल्या दोन-तीन ओल्या गोळ्यांतून. रेणू तोच. पण पहिला वास आला की माणूस विचारतो, "आईची का हो ही?" आणि दुसरा आला की नळ बंद करून पळतो.

असो. तर फोननंतर मी आमच्या पाषाणच्या इमारतीत चौकशी सुरू केली. सात मजल्यांची इमारत, आणि निम्मा भारत त्यात भाड्याने राहतो. पाचव्या मजल्यावर एक तेलुगू कुटुंब आहे, त्यांच्या अम्मा संध्याकाळी खाली बाकावर बसतात. त्यांना हिंदी बेताचं, मला तेलुगू शून्य. मी पर्समधून गोळी काढून दाखवली. त्यांनी ती हातात न घेता लांबूनच हुंगली, मान डोलावली आणि म्हणाल्या, "कलरा उंडलु."

"कलर?"

"कलर कादु. कलरा, कलरा!" आणि त्यांनी पोटावर हात धरून, तोंड वाकडं करून, ओकारीचा असा काही अभिनय केला की शेजारच्या बाकावरचे काका उठून उभे राहिले. मग सूनबाईंनी खुलासा केला. कलरा म्हणजे कॉलरा. कॉलऱ्याचे गोळे!

मी कितीतरी वेळ त्या शब्दातच अडकून पडले. रोग दुर्गंधीतून, वाईट हवेतून पसरतो असं जग शतकानुशतकं मानत होतं. रॉबर्ट कॉखने १८८४ साली कलकत्त्यात कॉलऱ्याचा जंतू दाखवल्यावरही ती समजूत लोकांच्या मनातून एकदम थोडीच गेली असणार? उग्र वास म्हणजे राखण. तुम्ही हसाल, पण २०२१ च्या एप्रिलमध्ये आमच्याच इमारतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कापूर, लवंग आणि ओव्याची पुरचुंडी हुंगल्याने ऑक्सिजन वाढतो असा निरोप फिरत होता, आणि मीही एक बांधली होती. उपयोग शून्य. पण त्या दिवसांत हाताला काहीतरी चाळा हवा होता. पुण्याने १८९७ सालचा प्लेग पाहिला. आपल्या आज्या-पणज्यांनी या गोळीला 'प्लेगची गोळी' म्हटलं असतं आणि आज मी बोहरी आळीत जाऊन निर्विकार चेहऱ्याने 'पाव किलो प्लेग द्या' म्हणाले असते.

बाकीच्यांनी भराभर उत्तरं दिली. कन्नड शेजारीण म्हणाली 'नुसि गुळिगे', नुसि म्हणजे कापड खाणारी बारीक कीड. तमिळमध्ये 'पाच्चै उरुंडै', झुरळाचा गोळा. मल्याळममध्ये 'पाट्ट गुळिग', तिथेही झुरळच. इंग्रजांचा आणि जर्मनांचा कसर-पतंगाचा गोळा, म्हणजे मॉथबॉल आणि मोटनकूगल. चिनी लोक एका नावाने त्याला 'आरोग्याचा गोळा' म्हणतात, पण त्यांच्या रसायनशास्त्रज्ञांनी या पदार्थासाठी एक स्वतंत्र अक्षरच घडवलं. उच्चार 'नाय', आणि डोक्यावर गवताची खूण. बेंझिनच्या कुळातल्या सुगंधी संयुगांना ते ही गवताची टोपी घालतात. डांबरातून आलेल्या वस्तूच्या डोक्यावर गवत! मला हे फार आवडलं.

तळमजल्यावरच्या गुजराती भाभींनी मात्र दार उघडता उघडताच सांगितलं, "डामरनी गोळी. केम?"

त्या क्षणी मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. इतका वेळ प्रत्येक भाषा सांगत होती ती गोळी कुणाला मारते, किंवा कशाची भीती घालवते. आम्ही दोघींनी तिचं मूळ गाव सांगितलं. पुण्याच्या स्वभावाला ते शोभतंही. इथे माणूस काय करतो हे नंतर विचारतात, आधी "मूळचे कुठले तुम्ही?"

आता कापराची गोष्ट, कारण ती टाळून पुढे जाता येत नाही.

वाड्यात गणपती बसत. एका वर्षी संध्याकाळच्या आरतीला कापराची डबी रिकामी निघाली आणि आत्याच्या मुलीने, वय वर्षं आठ, धावत जाऊन कुठूनतरी दोन पांढरे तुकडे आणून तबकात ठेवले. झिजून चपट्या झालेल्या त्या डांबर गोळ्या. डबीच्या तळाशी उरलेला कापराचा चुरा पेटला, त्याबरोबर हेही वितळून पेटले. शंकराच्या आरतीत 'कर्पूरगौरा' म्हणेपर्यंत तबकातून काळा धूर उठायला लागला. कापरालाही काजळी धरते, पण ही वेगळी. कोळिष्टकांसारखे काळे धागे हवेत तरंगायला लागले. एक धागा सावकाश जाऊन गणपतीच्या सोंडेवर बसला. आजोबांनी टाळ्या थांबवल्या. पुण्यात मधे आरती थांबणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

"कोण जाळतंय रस्ता?" आजोबा म्हणाले.

आत्याने मुलीला पाठीशी घातलं. काका शाळेत शास्त्र शिकवायचे. त्यांना आरतीपेक्षा धडा मोलाचा वाटला असावा. शेजारून कापराची वडी मागवली, वाटीत पाणी घेतलं आणि दोन्ही त्यात टाकलं. डांबर गोळी टुपकन तळाशी गेली. कापूर तरंगला, आणि नुसता तरंगला नाही, पाण्यावर आपोआप भिरभिरायला लागला, वेड्यासारखा, कडेला आपटून परत. आम्ही सगळी मुलं वाटीवर ओणवी झालो. गणपतीची सोंड मग ओल्या कापसाने पुसली गेली. मातीची मूर्ती, तेवढा रंग गेलाच.

दोघांतही दहा-दहा कार्बन. दोघंही पांढरे, दोघंही उघड्यावर न वितळता उडून जाणारे. म्हणून जगभर लोकांनी यांची गल्लत केली. स्पॅनिश लोक या गोळ्यांना 'अल्कान्फोरचे गोळे' म्हणतात, म्हणजे अरबी 'अल-काफूर', म्हणजे आपला कापूरच. चिनी भाषेतलं दुसरं नावही कापराची गोळी असंच आहे. आणि इंडोनेशियात डांबर गोळीला सर्रास 'कापुर बारुस' म्हणतात.

हे शेवटचं नाव वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. बारुस हे सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यावरचं जुनं बंदर. जंगलातल्या उंच झाडांच्या खोडात मिळणारा कापूर या बंदरातून जगभर जायचा. त्याच भागाला मार्को पोलो फान्सूर म्हणतो, आणि तिथला कापूर सोन्याच्या भावाने विकला जातो असं सांगतो. बारुसजवळ १०८८ सालचा एक तमिळ शिलालेख सापडला आहे, दक्षिण भारतातल्या व्यापाऱ्यांच्या एका मोठ्या संघाचा. मलाय भाषेत 'कापुर' म्हणजे चुना. 'कापुर बारुस', बारुसचा चुना. संस्कृतातला कर्पूर, अरबीतला काफूर, लॅटिनमधला काम्फोरा, या सगळ्यांचं बोट बहुतेक अभ्यासक याच बेटांकडे दाखवतात. देवगिरीवर चालून आलेला अलाउद्दीन खिलजीचा सेनापती मलिक काफूर, त्याच्या नावाचा अर्थही हाच. इतिहासाच्या पेपरात त्याच्यावर टीप लिहिताना हे कुणी सांगितलं असतं तर! उर्दूत 'काफूर होना' म्हणजे नाहीसं होणं. आजी उर्दू शिकलेली नव्हती.

आणि डांबर? इंग्रज अमदानीतल्या शब्दकोशकारांनी डामर या शब्दाचा माग काढत काढत तो मलाय 'दामर'पर्यंत नेला. दामर म्हणजे झाडाची राळ. पेटवली की मशाल, वितळवून फळ्यांच्या सांध्यांत भरली की गलबताला पाणी लागत नाही. समुद्रावर जगणाऱ्या लोकांचा शब्द. म्हणूनच तो गुजरातेत आणि आपल्याकडे, या किनाऱ्याला मुरला असेल असं मला आपलं वाटतं. पुढे कोळशाचा काळा रस आला तेव्हा चिकट, सांधे बुजवणाऱ्या वस्तूचं नाव तयारच होतं, ते त्याला चिकटलं.

म्हणजे बघा. एकाला आम्ही देवघरात ठेवलं, दुसऱ्याला मोरीत. एकाच्या नावाने शंकराचा रंग सांगितला, दुसऱ्याच्या नावाला पाकिटावर जागा मिळेना. आणि दोन्ही शब्द एकाच समुद्रावरून आलेले, दोन्ही मुळात झाडाचेच. कदाचित एकाच गलबताने आले असतील. कापूर आत पेटीत, दामर बाहेर, फळ्यांच्या फटींत.

आजचा कापूर तरी कुठे झाडाच्या खोडातला? आपल्या आरतीतली वडी बहुतेक टर्पेंटाईनपासून कारखान्यात बनवलेली असते. मधल्या काळात तो सेल्युलॉइडमध्येही शिरला होता. प्रभातचे सिनेमे ज्या जातीच्या फितीवर उतरले, त्या नायट्रेटच्या फितीला लवचीकपणा कापरानेच यायचा. देवघराबाहेर त्याने बरंच जग पाहिलं आहे.

पाकिटावर एक ओळ मात्र मी भांडून घालून घेतली, 'तान्ह्या बाळांच्या कपड्यांत ठेवू नयेत'. जी-सिक्स-पीडी नावाच्या द्रव्याची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी या गोळीच्या वाफांनी फुटतात. युरोपने तर २००८ पासून नॅफ्थलीनच्या गोळ्या बंदच केल्या. आजीच्या ट्रंकेत माझी दुपटीसुद्धा होती. मी वाचले, एवढंच.

नावाचा निकाल महिन्याभराने लागला. पाकीट छापून आलं. मोठ्या अक्षरांत, देवनागरीत: 'नॅप्थालीन बॉल्स'. पैसे वेळेवर मिळाले, तक्रार नाही.

परवा बोहरी आळीत गेले होते. आईची ट्रंक, म्हणजे आजीचीच ती, आता माझ्याकडे आली आहे. दुकानात, बादल्या-झाडूंच्या गराड्यात, तेच पाकीट दोरीला लटकलेलं दिसलं. मी त्याच्याकडे बोट दाखवून, छापल्याबरहुकूम म्हटलं, "नॅप्थालीन बॉल्स द्या एक."

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं, पाकिटाकडे बघितलं, आणि आतल्या पोऱ्याला ओरडून सांगितलं, "ए, डांबर गोळ्या काढ रे." मग मला म्हणाला, "कपड्यांत हव्यात की बेसिनला?"

"कपड्यांत."

"मग हे नका घेऊ. सुट्ट्या घ्या, स्वस्त पडतील. आणि फडक्यात बांधा ताई, साडीला लावू नका. जर काळी पडते."

मी सुट्ट्या घेतल्या.